उसना कान

एस्बियर्गच्या बंदरामागे माझं दुकान.
पाटीतलं एक अक्षर वाऱ्याने नेलंय, मी आणायला गेले नाही.
आत अँप्लिफायर, कुणाकुणाच्या घरातून उतरलेले,
आणि स्पीकर, जोडीजोडीने,
लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून.

फेब्रुवारीत एक मुलगा आला. एस्किल.
पवनचक्क्यांची पाती घासतो,
दिवसभर कान झाकलेले, भुवयांत पांढरी भुकटी.
म्हणाला, पुस्तकांच्या फळीवर मावतील असे हवेत.
आत्ताचे प्लास्टिकचे आहेत, संगणकासोबत फुकट आलेले.
बावीसशे क्रोन आहेत. वर एकही नाही.

मी आधी अँप्लिफायरचं विचारलं.
त्याने फोटो दाखवला:
तीस वॅटचा, मामाचा, एक बटण गळालेलं.
म्हटलं, थकल्या बैलाला जड गाडी जुंपू नकोस,
आठ ओहमचेच घे.
ओहममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं
आणि विचारायची लाज वाटत होती.
मलाही वाटली होती, एकोणिसाव्या वर्षी,
याच काउंटरच्या पलीकडे.

पाठ असलेलं काहीतरी लाव, म्हटलं.
त्याने खिशातून सीडी काढली:
रिबेच्या चर्चमधला गायनवृंद,
आई दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.

पहिली जोडी काळी, चकचकीत.
खालचे सूर जेवून ढेकर दिल्यासारखे.
त्याला आवडली. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच आवडते.
दुसरी वरच्या सुरांत फार धारदार असावी,
त्याने डोळे बारीक केले.

असावी म्हणते, कारण
गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही:
उजवा कान पार गेलाय.
डावा अर्ध्या जिन्यापर्यंत चढतो आणि तिथेच बसतो.
झांज म्हणजे माझ्यासाठी आता नुसती चमक.
सहा वर्षं मी चेहरे वाचून स्पीकर विकतेय.

तिसरी जोडी बर्चच्या लाकडाची, कोपरा ठेचलेला.
सूर लागायच्या आधीच एस्किलने हात वर केला.
थांबा. पुन्हा.
पुन्हा लावलं. पुन्हा हात.
मला काहीच नाही. शांतता, मग चाळीस माणसं एकदम.

"श्वास," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी, एकटीचा.
आई आहे ती. फोनवरही असंच करते.
आधी श्वास, मग माझं नाव."

हो, अगदी स्पष्ट आहे, मी म्हटलं.
खोटं.
मग काय झालं कोण जाणे, खरं सांगून टाकलं.

तो हळहळला वगैरे नाही.
खुर्ची शेजारी ओढून बसला
आणि अख्खी सीडी मला सांगत गेला:
आता पान उलटलं.
आता बाहेरून सायकल गेली, बहुतेक साखळी सैल असलेली.
आता वरच्या बायका चढतायत,
एक पोचत नाहीये, दुसरी तिला झाकून घेतेय.
मी मान डोलावत राहिले.
दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.

किंमत सव्वीसशे होती.
ठेचलेल्या कोपऱ्याचे चारशे मी वजा केले.
कोपरा माझ्याच हातून पडला होता,
तेवढं मात्र बोलले नाही.
जुन्या गोधडीत गुंडाळून, सायकलच्या पाळण्यात घालून
त्याने ते नेले,
रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला जपत.

रात्री फोन. बास घुमतोय म्हणे,
रांजणात तोंड घालून गातायत जणू.

भिंतीला चिकटवलेस ना?
पुढे ओढ. पार फळीच्या काठापर्यंत.
आणि लाल तारेला लाल लावलीस का, दोन्हीकडे?

तिकडे काहीतरी सरकलं. एक पुस्तक पडलं.
मग नुसती शांतता.
बोलण्याआधी त्यानेही श्वास घेतला असणार.
मला ऐकू आला नाही.
मी थांबले मात्र,
एका श्वासाला लागतो तेवढा वेळ.