तिडमे डॉक्टरांची लांब गाडी

एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
मी विमानांच्या पोटाखाली टॉर्च घेऊन झोपलो,
म्हणून ऋजुता म्हणाली, बाबा, तुम्हीच बघा.
मी वही घेतली. पानाच्या मधोमध रेघ मारली.
डावीकडे अधिक, उजवीकडे उणे.

महात्मानगर. अशोकाच्या तुटपुंज्या सावलीत
ती उभी होती, लीड्सहून बोटीनं आलेली,
छप्पर सरळ मागच्या टोकापर्यंत गेलेलं;
बनवणाऱ्याला आता पुरे म्हणायला
घरात कुणी नसावं.

उणे, पहिलं: शेजारचे कुलथे फाटकातून म्हणाले,
"अमरधामची वाटते हो."
लिहून घेतलं. लोक काय म्हणतील
यालाही वजन असतं, इंजिनाइतकं नसेल.
उणे: लिटरला सात. डॉक्टरांनी सांगितलेलं,
म्हणजे सहा.
उणे: वायरींवरचं आवरण चिमटीत भुगा होऊन येतं.
उणे: मागचा भार पेलणारे तेलाचे दोन गोळे,
एक गेला तर ऋजुताची दोन महिन्यांची कमाई,
आणि तो मुंबईतही मिळेलच असं नाही.
उणे: भद्रकालीच्या बोळात शिरणार नाही.
रविवार कारंजावर ती वळेल,
रविवार कारंजा तिला वळू देणार नाही.

अधिक.
दार लावलं. आवाज असा आलाच नाही,
बाहेरचं नाशिक तेवढं बंद झालं.
अधिक: मागे सिमेंटच्या चार गोण्या टाकून बघितल्या.
आधी बसली. मग कुठंतरी पंप कुरकुरला,
आणि ती हळूहळू पुन्हा सपाट झाली,
कुणाकडे न बघता.
असा एकच फोरमन मला भेटला होता.
अधिक: मागचं दार वर जातं, आणि खाली उरतो उंबरा.
टेप लावून मोजला. चोपन्न सेंटिमीटर.
ऋजुता कुत्र्यांची डॉक्टर.
आडगाव नाक्यावर ट्रकनं उडवलेला
चाळीस किलोचा जीव
छातीपर्यंत नाही, गुडघ्यापर्यंतच उचलायचा.
हे मी दोनदा अधोरेखित केलं.
उजवीकडे तरीही नऊ होते.

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणालो.
डॉक्टर हसले नाहीत. डिकीत वाकले,
गालिच्याखालची एक पट्टी ओढली,
आणि तळातून दोन बुटकी आसनं उघडली,
मागे तोंड करून बसायची.
"मुलांसाठी घेतली होती.
गाडी बंदरातून सुटेपर्यंत ती मोठी झाली."
आसनांवर प्लास्टिक अजून तसंच.

मी बसलो. सहासष्टाव्या वर्षी,
गुडघे हनुवटीला.
ऋजुता चालवत होती. आनंदवल्ली गेली,
सोमेश्वर गेलं, मला सगळं गेल्यावरच दिसत होतं.
आयुष्यभर मी पुढे काय तुटेल तेच शोधलं.
इथं प्रत्येक खड्डा ओलांडून झालेला,
शाबूत, लहान लहान होत चाललेला.
पेरूवाल्या बाईनं मान वर केली.
सायकलवरच्या एका पोरानं हात हलवला,
तर मीही हलवला, पेन हातात असून.

"कशी वाटते?" पाठीमागून आवाज आला,
म्हणजे पुढून.
मी उणेमध्ये दहावं लिहिलं:
इथं बसून तपासणी होत नाही.

व्यवहार व्हायचाय अजून.
डॉक्टर तीन लाखांवर अडलेत, मी अडीचवर.
ऋजुता म्हणते, कुत्री चालतील का ते आधी विचारा.
रात्री वही उघडली तर
पानावर प्लास्टिकचा एक कपटा,
माझ्या पँटला चिकटून घरी आलेला.
झटकला नाही. पान मिटलं.
सकाळी कुलथे विचारतील, काय ठरलं.