नमुना क्रमांक चार

दुधाच्या पिशवीत गाठ मारून आली.
वर स्केचपेननं : विहीर. सतरा फूट. मुरमाच्या जरा वर.
सायखेड्याची. शेवंताबाई जोर्वेकरांच्या भाच्याच्या मळ्यातली.

बाटलीत पाणी, मूठभर माती, खळाखळा,
मग रात्रभर ओट्यावर.
सकाळी तळाशी करंगळीएवढी वाळू,
तिच्यावर गाळ,
आणि सगळ्यांत वर ती, साबणासारखी,
अजून खाली बसायला तयार नसलेली.

लिंबू पिळलं. फसफसली.
लिहिलं : चुना.
वळी करून बोटाला गुंडाळली, तुटली नाही.
लिहिलं : चिवट.
दहा सेंटिमीटरची रेघ मारून वडी
सावलीत ठेवली, ओल्या गोणपाटाखाली.
नवव्या दिवशी रेघ साडेआठ.
दीड सेंटिमीटर कुठं गेलं
याचं उत्तर पाणी, हे मला माहीत आहे,
तरी मोजपट्टी दोनदा धरून पाहिली.

शेवंताबाई सातपूरच्या शेडमध्ये आल्या
तेव्हा वही उघडीच होती. त्यांनी वही बघितली नाही.
चिमूटभर माती दाताखाली धरली,
डोळे बारीक केले, थुंकल्या.
"चुलीला चालंल. माठाला नाही."
माझे अकरा दिवस
त्यांनी पदरानं पुसून टाकले, ओठांसकट.

तरी भट्टी लावली. अकराशे ऐंशी.
दार उघडलं तर वडी नव्हतीच.
ताटलीत गोठलेलं डबकं, काकवीच्या रंगाचं,
कडेवरून सांडून खालच्या फरशीला चिकटलेलं.
छिन्नी लावली, फरशी दुभंगली,
अठराशे रुपयांची.
लिहिलं, पेन दाबून : नापास.

शेवंताबाईंनी ताटली उन्हात धरली.
तिच्यात खिडकीची जाळी दिसली,
जाळीमागचा ट्रक, ट्रकवरचे क्रेट,
आणि त्यांचं स्वतःचं नाक, जरा रुंद.
त्या नाकाकडंच बघत होत्या बहुतेक.
"भांडं नाही झाली," म्हणाल्या,
"साय झाली गं.
दुसऱ्या मातीवर ओत की हिला."

त्या रात्री चार नंबर गाळत बसले,
ताकाएवढी पातळ, पुन्हा एकदा, पुन्हा.
पाकिटातून आलेल्या परराज्याच्या मातीच्या
पांढऱ्या वाटीवर ओतली,
वाटी हातात फिरवत राहिले.

वहीत मात्र अडचण झाली.
नापास खोडायचं होतं
आणि दाबून लिहिलेलं
मागच्या तीन पानांवर उमटलं होतं.