शटरच्या आतल्या बाजूला

तिसऱ्या गेटाच्या पुढं, उद्यमबागेत
माझं दहा बाय अठराचं दुकान.
एक लेथ, एक ड्रिल, एक सातेरी.
सातेरी म्हणजे पोरगा,
खरं त्यालाही तासातासाला चहा घालावा लागतो.

कोपऱ्यात माझी हुशारी गंजत पडलीय :
शेंगा निवडायच्या चाळणीचं अर्धं धूड,
उसाचे डोळे काढायची कात्री, एकाच पात्याची,
आणि कसला तरी गिअर,
कशाचा ते आता मलाही सांगता येत नाही.
"हलगेकराच्या डोक्याला तोड न्हाई," म्हणायचे लोक.
डोकं चालायचं.
वस्तू एकही चालत नव्हती.

भरमाक्का खानापूरकडची. काजू फोडते.
चिकानं तिच्या बोटांचे ठसे गेलेत,
रेशनच्या मशीनला ती कोण ते ओळखू येत नाही.
तिनं एवढंच मागितलेलं :
"गर अख्खा निघू दे, आणि हात लांब ऱ्हाऊ दे."
मी हो म्हटलं
आणि दोन वर्षं कुंदा ढवळायच्या यंत्रामागं फिरलो.

तेव्हा सुचलं की लेथ बंद व्हायचा.
गरम जॉब चकात तसाच,
मी खडू घेऊन जमिनीवर ओणवा.
काय सुख असतं त्या पहिल्या रेघेत!
अजून काही चुकलेलं नसतं.
कुणी विचारत नसतं, झालं काय.

भरमाक्का मात्र विचारायची. रागानं नव्हे.
बाजाराला आली की दारात उभी राहायची,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
एकदा विचारलंच नाही तिनं.
चहा प्याली, वडाप गाठायला निघून गेली.

त्या रात्री शटर आतून ओढलं
आणि खडू शटरवरच ठेवला.
आता जे सुचेल ते तिथं लिहायचं, उभ्या उभ्या,
लेथ चालू असताना, दोन ओळीत.
सकाळी शटर वर जातं,
पट्टी पट्टी गुंडाळत सगळ्या कल्पना वर,
दिवसभर माझ्या डोक्यावर अंधारात.
रात्री खाली येतात तेव्हा निम्म्या पुसलेल्या.
काही अजून देखण्या दिसतात.
हात शिवशिवतो. खोटं कशाला सांगू.

परवाच, पात्याला धार लावताना,
चिंच फोडायचं असं काही सुचलं की
सातेरी म्हणाला, "मामा, मशीन बंद करू काय?"
मी म्हटलं, "सुम्म बस."
त्याला म्हटलं की मला, कोण जाणे.

आता काम म्हणजे मोजणं.
दोन थाऊ आत, एक थाऊ बाहेर,
शंभर काजू, पुन्हा शंभर.
यात सुचण्यासारखं काही नाही.
सातेरी फुटलेले गर वहीत लिहितो, आणि खातो,
म्हणून आकड्यावर माझा पुरता विश्वास नाही.

पहिल्या शंभरात एकेचाळीस फुटले.
गौरीच्या आधी सव्वीस.
आज अकरा.

बाजार परवा आहे.