आठ ओळींची खिडकी

रविवारी ट्रिस्तान नार्वाहाच्या फुटपाथवर,
पोपटांच्या पिंजऱ्यांपलीकडे, गंजलेल्या किल्ल्यांच्या ढिगाशेजारी,
वॉशिंग्टनने चादर अंथरलेली असते.
आज तिच्यावर तीन यंत्रं. तिन्ही माझ्या निवृत्तीहून जुनी.

पहिलं देखणं. झाकण उघडलं की निळसर पडदा,
पण बॅटरी फुगलेली, आणि किंमत तर विचारूच नका.
दुसऱ्याला मागे तार खुपसायला जागाच नाही.
मग ते बोलणार कुणाशी?
तिसरं चपटं, पिवळं पडलेलं, जुन्या दातासारखं.

"हे नका घेऊ, बाई," तो आपणच म्हणाला,
थर्मासमधलं पाणी मातेवर ओतत,
"याच्या आत काही राहत नाही. बंद केलं की सगळं विसरतं."
विसरू दे, म्हटलं.
"चित्रं नाहीत. आणि पडदा बघा, आठच ओळींचा."
एकेका खोडीमागे तो शंभर पेसो उतरत होता
आणि मी गप्प.
त्याच्या प्रामाणिकपणावर माझी बचत चालली होती,
याची लाज वाटली. थोडीच.

त्याला काय सांगू?
एकतीस वर्षं बंदरात टेलेक्सवर बसले.
कुणाची लोकर, कुणाचं गोठवलेलं मांस,
कुणाचा मुलगा रॉटरडॅमला उतरलाच नाही,
सगळं या बोटांतून गेलं.
त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं.
विचार करणारे दुसरीकडे असायचे.

डोळे मिटून बटणांवर हात ठेवले.
खोल जातात. तळाला टेकल्याचं कळतं.
पाठीमागे चाचपलं: पंचवीस पिना, एक वाकडी.
साध्या चार सेलवर चालतं.
झालं तर. द्या बांधून.

संध्याकाळी भाच्याने पलंगाखालच्या मोठ्या खोक्याशी तार जोडली.
आधी नुसता कचरा आला,
कंस, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं.
"बिघडलेलंच दिलंय, आत्या," फाकुन्दो म्हणाला.
बिघडलं नाही रे. समोरचा घाईत आहे.
वेग उतरवत उतरवत तीनशेवर आणला,
माझ्या जुन्या चालीच्या आसपास.

मग एकेक अक्षर उमटलं, पाऊल टाकल्यासारखं,
आणि आठांपैकी एका ओळीत
पलीकडच्याने माझं नाव विचारलं.

तारेवरून असं कुणी कधी विचारलं नव्हतं.
नेलिदा, एवढंच टाइप करायचं होतं.
दोनदा चुकलं.