सतरा खुणा

श्रीरंगने ती आणली मार्चच्या शेवटी,
एस्कनाबात अजून बर्फाचे ढिगारे होते, काळे पडलेले.
मला न विचारता. साडेतीनशे डॉलर, ट्रेलरसकट.
चौदा फुटांचं, पोचे आलेलं जर्मलचं पातेलं.
मी म्हटलं, यात पिठलं किती माणसांचं होईल?
तो हसला नाही. नुसता तिच्याभोवती फिरत राहिला,
पत्र्यावरून हात फिरवत.

गाडी बाहेर, नाव गॅरेजमध्ये.
रोज सकाळी काचेवरचं बर्फ मी खरवडायचे
आणि दोघांना शिव्या द्यायचे, एकाच दमात.

तळाच्या फळ्या उचकटल्या तेव्हा आतला फोम निघाला,
तीस वर्षांचं तळं प्यायलेला,
एकेक तुकडा ओल्या गोधडीएवढा जड.
मोटर जिच्यावर बसते ती मागची फळी
चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली.
आणि अगदी खाली, कण्याला टेकून, एक सेंटचं नाणं,
तांब्याचं, एकोणीसशे एकाहत्तरचं.
उचललं तर खाली नाण्याएवढंच भोक,
कडेला पांढरी भुकटी.

शेजारचा डेल कोस्केला, खनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त झालेला,
म्हणाला, तांबं आणि ॲल्युमिनियम
कोरड्यात शंभर वर्षं नांदतील.
ओल लागली की एक दुसऱ्याला खातं.
आवाज न करता, असंही म्हणाला.
श्रीरंगने माझ्याकडे बघितलं. मी नाण्याकडे.

भोकावर ठिगळ बसलं. मग एप्रिलात
आम्ही नावेत पाणी भरलं.
वेडेपणा वाटेल, पण तसंच करतात:
नाव जमिनीवर, पाणी आत,
माणूस खाली उताणा, टॉर्च घेऊन.
रिव्हेटच्या डोक्यापाशी थेंब जमतो,
फुगतो, विचार करतो, सुटतो.
सांगलीला दहा वर्षं गणिताच्या वह्या तपासल्या मी,
लाल गोलाची सवय होती.
खडूने खुणा करत गेले. कपाळावर, डोळ्यांत थेंब.
सतरा.

रिव्हेट एकट्याने ठोकता येत नाही.
एक जण बाहेर, हातोडा घेऊन,
दुसरा आत, लोखंडी ठोकळा शेपटीवर दाबून.
मध्ये पत्रा. तोंड दिसत नाही.
म्हणून ठरलं: एकदा टकटक, धरलंय. दोनदा, झालं.
सव्वीस वर्षांत इतकं कमी बोलून
इतकं काम आम्ही कधी केलं नव्हतं.
ठोका त्याचा, हादरा माझ्या कोपरापर्यंत.

अकराव्याला तो थांबला.
मी एकदा वाजवलं. पुन्हा एकदा.
पत्र्यापलीकडून आवाज आला,
हात थरथरतोय, थांब जरा.
मग बऱ्याच वेळाने, जानेवारीपासून.
मला नाही, पत्र्याला म्हणाला.
मी ठोकळा काढला नाही.
धरून बसले, लोखंड माझ्या तळव्याइतकं गरम होईपर्यंत.

उरलेले सात मी ठोकले. तो आत.
माझे वाकडे आहेत, लांबूनही ओळखू येतात.

डॉक्टरची तारीख जूनची मिळाली.
नाव मेमध्येच पाण्यात.
ट्रेलर सोडताना कोस्केलाने विचारलं, नाव काय ठेवलं?
मी म्हटलं, आमच्याकडे नावेला नावच म्हणतात.
त्याला काही कळलं नाही, तरी टोपी काढली.

लिटल बे डी नॉकवर ऊन, वारा मात्र झोंबणारा.
श्रीरंग मोटरची दोरी ओढतोय,
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
मी ओढू का, असं मी विचारत नाही.
बाकाखाली, माझ्या डाव्या टाचेपाशी,
पाण्याचा एक बारीक डोळा उघडतो.
अठरावा. खडूला चुकवून राहिलेला.

मोटर लागते. धूर, धडधड, आणि त्याचा तो जुना चेहरा.
ओरडून विचारतो, गळतेय का कुठे?
मी टाच त्यावर ठेवते.
नाही, म्हणते.