फक्त वजन सांग

होर्ताच्या पोस्टात माझ्या खिडकीशी एक काटा आहे.
तीस वर्षं मी त्याच्यावर लोकांचे शब्द ठेवले,
एकही वाचला नाही.
पण हाताला कळतं.
बिल सपाट असतं, लग्नाची पत्रिका ताठ,
आणि मैत्रिणीचं पत्र मधोमध फुगलेलं,
मावत नसताना बसवलेलं,
उशीसारखं.

कापेलूची आल्झिरा महिन्यातून एकदा असं एक आणायची.
इदालिनासाठी, न्यू बेडफर्डला.
ज्वालामुखीची राख कौलांवर चढली,
त्यानंतर इदालिनाचं घरदार बोटीत बसलं.
दोघी तेव्हा अकरा वर्षांच्या.
बोट सुटताना ज्यावरून भांडत होत्या
ते भांडण पुढं पन्नास वर्षं टपालानं चाललं
(देवाला ऐकू कमी येतं का, हे).

आल्झिरा एका बैठकीत लिहीत नसे.
पावतीची वाट बघताना तीच सांगायची मला:
गुरुवारी मक्याचं पीठ भिजवून ठेवलं, तोवर दोन पानं.
शनिवारी धार काढताना इदालिनाचं म्हणणं पुन्हा आठवलं,
म्हणून गुरुवारचं खोडलं,
पण खोडलेलं वाचता येईल असंच खोडलं.
मग ताजा कलम.
ताज्या कलमाचा ताजा कलम.
आणि चिकटवल्यावर आठवलेलं
पाकिटाच्या पाठीवर, तिरकं.

उत्तराला तीन आठवडे लागत.
तीन आठवडे ती मनातल्या इदालिनाशी बोलत
बटाटे काढी, कुंपण बांधी.
उत्तर आलं की खिडकीशीच फोडायची
आणि हसायची,
"ही बघ, मला वाटलं त्याच्या नेमकं उलटं!"

मग नातवानं फोन आणून दिला.
आता इदालिना रोज भेटते.
रोज सकाळी एक गुलाब, वाफाळता कप,
नातवंडांचे फोटो, इतके की
नावं मागं पडतात.
एकदा आल्झिरानं सगळं फोनवरच लिहिलं,
चष्मा लावून, एका बोटानं, अख्खी दुपार.
तिकडून एक अंगठा आला.
पिवळा. उभा.

"राग नाही रे," ती म्हणाली.
"तिचेही हात दुखतात, गिरणीत झिजलेले हात ते.
पण मी विचारलं होतं,
मेल्यावर आपण एकमेकींना ओळखू का.
त्याला अंगठा?"

तरी ती येत राहिली.
पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही.
"तिकीट नको," म्हणायची. "फक्त वजन सांग."
मी काट्यावर ठेवायचो.
"बेचाळीस ग्रॅम."
बाळाचं वजन बरोबर भरलं म्हटल्यावर
आई हलवते तशी मान हलवून
ती पाकीट पिशवीत टाकायची आणि बस पकडायची.

पाठवत का नाहीस, असं मी एकदा विचारलं.
हे विचारणं माझ्या कामात बसत नाही.
"पाठवलं की ती लगेच फोन करेल.
म्हणेल, मिळालं गं, किती छान लिहिलंस.
की झालं, संपलं."
बाहेर पिको ढगात अर्धा बुडालेला.
तिनं तिकडं बघितलं, मी काट्याकडं.

मागच्या महिन्यात पाकीट आलं सहा ग्रॅमचं.
मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं.
सहाच.
"एवढंच?"
"या वेळी नुसता प्रश्न लिहिलाय.
आणि खाली, की फोन करू नकोस,
घाई नाही."
तिनं तिकीट मागितलं.
पत्ता न बघता लिहिला, घर क्रमांकासकट.

उद्या पाच आठवडे होतील.
सकाळी बोटीवरची पिशवी सोडतो
तेव्हा नावं वाचण्याआधीच हात आत घालतो,
चाचपत जातो,
कुठं काही फुगलेलं लागतं का.

बिलं फार सपाट असतात.