भोक क्रमांक तेवीस

दलदल गोठल्याशिवाय इथं यंत्र उभं राहत नाही,
म्हणून आमचा हंगाम जानेवारीचा. आज उणे एकतीस.
बिवाबिकपासून सात मैल आत, स्प्रूसच्या झाडीत एक दिवा,
दिव्याखाली ड्वेन पेराला आणि त्याचे पाईप.
गावाच्या नावाचा ओजिब्वे भाषेत अर्थ लोखंड.
ज्यांनी ते ठेवलं, त्यांना भोक पाडावं लागलं नव्हतं.

दर दहा फुटांनी ड्वेन जमिनीतून एक दांडी उपसतो,
लहान मुलाच्या मनगटाएवढी, ओली, वाफाळणारी.
खोक्यात ती डावीकडून उजवीकडे ठेवायची,
वाचतो तशी.
उलटी पडली तर संपलं,
वर कुठे आणि खाली कुठे हे दगड आपणहून सांगत नाही.

वाचायचं काम माझं.
शेडमध्ये मी त्यावर पाणी शिंपडते,
कोरड्या दगडाला चेहरा नसतो.
गार, लोह, गार, लोह,
करड्या-काळ्या काठांचं न संपणारं लुगडं.
दोऱ्याला बांधलेलं चुंबक वरून फिरवते:
कुठे झेप घेतं, कुठे नुसतं लोंबतं, लिहून ठेवते.

एकशे बारा फुटांवर तांबड्या जास्परमध्ये
एकात एक बसवलेल्या वाट्यांसारखे वळसे.
उथळ समुद्रात कधीतरी शेवाळ थरावर थर चढवत बसलं होतं.
एकशे ऐंशी-नव्वद कोटी वर्षं, मी म्हणते.
ड्वेन थर्मास पुढे करतो:
"कॉफी तेवढी जुनी नाही. घे."

बावीस भोकं झाली.
त्यांच्यामध्ये कुणी न पाहिलेली जमीन,
आणि तिच्यात काय आहे ते मी सांगायचं.
भोकं जवळजवळ असली तर लिहायचं: मोजलेलं.
जरा लांब असली तर: सूचित.
आणखी लांब: अनुमानित.
आमच्याकडे याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात,
अहवालात तसं लिहिता येत नाही.

रेडीच्या जेटीवर बाबा बार्जवरचा माल
पाण्याच्या रेघेवरून सांगायचे, दोन-चार टनांच्या फरकानं.
पण बार्ज त्यांच्या डोळ्यांसमोर असायचं.

तेविसाव्या भोकात
दोनशे अडुसष्ट फुटांवर पट्टे थांबले.
हिरवट काळा दगड, एकसलग, मागाहून घुसलेला,
नव्वद फूट. त्यात चार फूट तर हातीच लागले नाहीत;
त्या जागी ड्वेननं लाकडाचा ठोकळा ठेवला,
त्यावर जाड पेन्सिलीनं: हरवले.

डुलूथच्या ऑफिसातून फोन आला.
"बावीस आणि चोवीस यांना जोडणारी रेघ ओढता नाही येणार?"
चोवीस अजून पाडलेलंच नाही, मी म्हटलं.
रेघ काय, ओढता येते.
रेघेला फक्त पेन्सिल लागते.

मग मी सीमा आत सरकवली.
एक कोटी ऐंशी लाख टन 'सूचित'मधून उठून
'अनुमानित'च्या रकान्यात जाऊन बसले.
खाली काहीच हललं नाही.

ड्वेनचा मुलगा नॉर्थ डकोटात तेलावर आहे.
खाण सुरू झाली तर परत येईन म्हणतो.
इथली शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन झाली,
बायकोच्या लाँड्रीत आठपैकी तीन मशिनं चालू.
हे सगळं त्यानं मला डिसेंबरात सांगितलं होतं, सहज.
आज त्यानं आकडा विचारला नाही.
ठोकळा उचलला, फुंकर मारून बर्फ झटकला,
पुन्हा नीट बसवला.
"चोवीस कुठे, डॉक?"

मी पश्चिमेला दीडशे पावलं मोजली,
मांडीपर्यंत बर्फात खुंटी ठोकली,
नारिंगी फीत बांधायला हातमोजे काढावे लागले.
गाठ तिसऱ्यांदा बसली.

ड्वेननं यंत्र ओढत आणलं, इंजिन खोकलं, धरलं.
पहिले चाळीस फूट नुसती हिमनदीची माती आणि गोटे.
त्यांची कुणी नोंद करत नाही.